झाडाचं नाव विचारणारा चित्रकार

रशियात 'मिश्का कोसोलापी' नावाचं एक चॉकलेट पिढ्यान्‌पिढ्या विकलं जातं. त्याच्या वेष्टनावर मोडून पडलेला पाईन आहे, त्यावर चढून खेळणारी अस्वलाची पिल्लं आहेत आणि जवळच त्यांची आई उभी आहे. लोक त्या चित्राला बोलण्यात 'तीन अस्वलं' म्हणतात. मोजली तर चार भरतात. मूळ चित्राचं नाव 'पाईनच्या जंगलातली सकाळ', साल 1889, चित्रकार इवान इवानोविच शिश्किन. गंमत म्हणजे ही अस्वलं शिश्किनच्या हातची नाहीत. ती त्याचा मित्र कॉन्स्तान्तिन सावित्स्की याने रंगवली. चित्रावर दोघांच्याही सह्या होत्या; मॉस्कोचा संग्राहक पावेल त्रेत्याकोव्ह याने चित्र विकत घेतलं आणि सावित्स्कीची सही पुसून टाकली.

म्हणजे सगळा देश ज्या चित्रामुळे या चित्रकाराला ओळखतो, त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं नेमकं दुसऱ्याचं आहे. वाचकाला माझी पहिली विनंती अशी, की ती अस्वलं तळहाताने झाकावीत आणि मग चित्र पाहावं. एका दरीचा काठ उरतो. मुळासकट कललेलं एक झाड उरतं. खोल भागात धुकं साचलेलं आहे, ऊन फक्त शेंड्यांना लागलंय आणि जमीन अजून गार आहे. सकाळ वरून खाली उतरते, हे जंगलात राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतं. शिश्किन इथे भेटतो. या पुस्तकाला सुरुवातही इथूनच करायची आहे.

मराठी वाचकाला रशिया परका नाही. तोलस्तोय, चेखव्ह, गॉर्की आपण अनुवादांतून वाचले. सोव्हिएत काळात जाड पुठ्ठ्यांची, स्वस्त आणि देखणी पुस्तकं आपल्याकडच्या घराघरांत आली. न पाहिलेलं बर्चचं झाड आणि न अनुभवलेला बर्फ त्यांच्यामुळे ओळखीचा झाला. मात्र ही ओळख शब्दांतून झाली. कादंबरीतला माणूस घोडागाडीतून ज्या रस्त्याने जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना नेमकं काय उगवलेलं असतं, हे आपण आपापल्या कल्पनेने भरून काढलं. एकोणिसाव्या शतकातली रशियन निसर्गचित्रं ती मोकळी जागा भरतात. या क्षेत्रात शिरायला दारं पुष्कळ आहेत. मी शिश्किनचं दार निवडलं, त्याची कारणं पुढे येतीलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. पीटर्सबर्गची कला अकादमी 1757 सालची. तिथे चित्रप्रकारांची उतरंड ठरलेली होती: वर पुराणकथा आणि इतिहास, निसर्गचित्र बरंच खाली. निसर्ग रंगवायचाच तर इटलीचा रंगवावा, असा रिवाज होता. त्यामागे एक खरी अडचणही होती. मध्य रशियाच्या सपाट प्रदेशात हिमशिखरं नाहीत, पडक्या रोमन कमानी नाहीत, निळा समुद्र नाही. मैलोन्‌मैल सपाटी, चिखलाचे रस्ते, लाकडी घरं आणि वर्षातले कित्येक महिने बर्फ. यात पाहण्यासारखं काय आहे, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला असता तर तो वेडगळ ठरला नसता. रशियन वास्तववादी निसर्गचित्रकारांनी आयुष्यभर दिलं ते याच प्रश्नाचं उत्तर, प्रत्येकाने आपापल्या परीने.

1863 साली अकादमीतल्या चौदा विद्यार्थ्यांनी सुवर्णपदकाच्या स्पर्धेवर बहिष्कार घातला. त्यांना विषय दिला होता उत्तर युरोपीय पुराणातल्या वाल्हालाच्या मेजवानीचा. त्यांना स्वतःचे विषय हवे होते. त्यांचा म्होरक्या इवान क्राम्स्कोय. यातूनच पुढे, 1870 साली, फिरत्या प्रदर्शनांची संस्था उभी राहिली. तिच्या सभासदांना रशियनमध्ये 'पेरेद्विझ्निकी' म्हणतात. चित्रं राजधानीत अडकून राहू नयेत, ती गावोगावी जावीत आणि चित्रकाराने आपल्या तिकिटांवर, आपल्या विक्रीवर जगावं, असा त्यांचा व्यवहारी बेत होता. पहिलं प्रदर्शन 1871 च्या अखेरीस पीटर्सबर्गला भरलं. शिश्किन या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्याच प्रदर्शनात अलेक्सेय साव्रासोव्हचं 'कावळे परतले' हे छोटं चित्र होतं. (रशियनमधला 'ग्राच' हा आपल्या गावकावळ्याचा थंड प्रदेशातला भाऊबंद, वसंताच्या तोंडावर तो परततो.) वाकडीतिकडी बर्चची झाडं, वितळू लागलेला मळका बर्फ, मागे एक देऊळ. साव्रासोव्हने ऋतूचा क्षण पकडला, शिश्किनने जमिनीचा कायमचा स्वभाव. रशियन निसर्गचित्राच्या पुढच्या वाटा या दोघांपासून फुटतात.

शिश्किनचा जन्म जानेवारी 1832 चा, कामा नदीकाठच्या येलाबुगा या व्यापारी गावातला. आज ते तातारस्तानात येतं. वडील इवान वासिल्येविच धान्याचे व्यापारी, पण नुसते गल्ल्यावर बसणारे नव्हेत. गावाला पाणी मिळावं म्हणून त्यांनी लाकडी नळांची योजना राबवली, नदीकाठच्या पुरातन बुरुजाची डागडुजी केली, जुन्या अवशेषांत रस घेतला आणि गावाचा इतिहासही लिहिला. जमिनीत काय आहे, पाणी कुठून येतं, कुठलं लाकूड कशाला चालतं, अशा बोलण्यात मुलगा वाढला. पुढे त्याच्या चित्रांत जी चौकस, हिशेबी, तरीही मायेची नजर दिसते, तिचं बीज मला या घरात दिसतं.

कझानची शाळा अर्धवट सोडून तो घरी आला, काही वर्षं वरवर पाहता रिकामाच राहिला आणि 1852 साली मॉस्कोच्या चित्रकला व शिल्पकला विद्यालयात दाखल झाला. 1856 ते 1860 ही वर्षं पीटर्सबर्गच्या अकादमीत काढली. लादोगा सरोवरातल्या वलाम बेटावर मठ आहे, खडक आहेत, खडकांना मुळांनी धरून बसलेली झाडं आहेत. तिथल्या चित्रांनी त्याला 1860 चं मोठं सुवर्णपदक आणि परदेशी जाण्याची शिष्यवृत्ती मिळवून दिली. म्युनिक, झुरिक, जिनिव्हा, ड्युसेलडॉर्फ असा प्रवास झाला. झुरिकला तो रुडॉल्फ कोलर या प्राणिचित्रकाराकडे राहिला. जर्मनीत त्याच्या लेखणीच्या रेखाटनांचं कौतुक झालं. 'ड्युसेलडॉर्फ परिसरातलं दृश्य' या चित्रावर त्याला 1865 साली अकादमिशियनची पदवी मिळाली. त्याच वर्षी तो मायदेशी परतला. चित्रकला त्याने परदेशात पक्की केली आणि ती घेऊन येलाबुगा व पीटर्सबर्गभोवतीच्या रानांत शिरला. पुन्हा मोठ्या परदेशवारीची त्याला ओढ लागली नाही.

या काळातलं त्याचं एक शब्दचित्र चित्रकार इल्या रेपिनच्या आठवणींत आहे. क्राम्स्कोयच्या मित्रमंडळाच्या गुरुवारच्या बैठकांत शिश्किन यायचा, त्याच्या गडगडाटी आवाजाने खोली भरायची. तो कागदावर जंगल काढत बसला की मागे गर्दी जमे. मग तो आपल्या ओबडधोबड, घट्टे पडलेल्या बोटांनी ते सुरेख रेखाटन फासू-पुसू लागे. पाहणारे हळहळत आणि चित्र मात्र आणखी उजळून निघे. इतक्या नाजूक पानापानाचा हा चित्रकार दिसायला लाकूडतोड्यासारखा होता, हे आठवणीत ठेवावं.

आता एक चित्र सावकाश वाचू, म्हणजे पुढच्या प्रकरणांत कसं पाहायचं याची कल्पना येईल. 1872 चं 'पाईनचं रान: व्यात्का प्रांतातलं डोलकाठीचं जंगल'. नावातच उपयोग सांगितला आहे. डोलकाठीसाठी लाकूड सरळ, उंच आणि बिनगाठीचं लागतं. असं झाड एकटं वाढत नाही. पाईन दाटीत वाढले की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळून गळतात, झाड उजेडासाठी वर वर जातं आणि बुंधा सुळसुळीत राहतो. शिश्किनने नेमकी ही घडण दाखवली आहे. बुंधा खाली करडा, जाड खवल्यांचा. वर जाताना साल पातळ होते आणि तांबूस-नारिंगी झळकू लागते. जंगलात संध्याकाळ उतरल्यासारखा जो ऊबदार उजेड वाटतो, तो पुष्कळसा या सालीचाच आहे. पुढ्यात उथळ ओढा आहे, त्यातून तळाचे दगड दिसतात. डावीकडे दोन अस्वलं झाडावरच्या मधाच्या पोळ्याकडे माना वर करून पाहताहेत, इतकी लहान की ती आधी दिसतच नाहीत. त्रेत्याकोव्हच्या संग्रहातल्या या चित्रात कथा नाही, पण झाडांचं चरित्र आहे.

इथे आपण या क्षेत्रातल्या सगळ्यात जुन्या वादापाशी येतो. शिश्किन फोटोसारखा काढतो, असं म्हटलं जातं. ते कौतुकानेही म्हटलं जातं आणि नाक मुरडूनही. शंका नवी नाही. खुद्द क्राम्स्कोय, ज्याने त्याची दोन मोठी व्यक्तिचित्रं रंगवली, तो त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलतो. रशियन निसर्गचित्राच्या वाटेवरचा मैलाचा दगड म्हणजे शिश्किन, असं त्याचं मत होतं. निसर्ग शास्त्र म्हणून जाणणारा आपल्यातला हा एकटाच, असंही त्याने लिहिलं. आणि त्याच क्राम्स्कोयला वाटे, की निसर्गातलं संगीत टिपणारी तार याच्यात नाही. शतकाच्या शेवटी आलेल्या तरुण पिढीला शिश्किन कोरडाच वाटला. तोवर चित्रकार इसाक लेवितानचं धूसर पाणी आणि सांजवेळा सर्वांच्या डोळ्यांत भरल्या होत्या.

हा वाद मला चुकीच्या प्रश्नावर उभा असलेला वाटतो. फोटोचं शिश्किनला भय नव्हतं. उलट, हिवाळ्यात विद्यार्थ्यांनी फोटो समोर ठेवून झाडांची ठेवण अभ्यासावी, असा त्याचा आग्रह असे. पण फोटो समोर असेल ते सगळं सारखंच घेतो. शिश्किन घेत नाही. पाईन आणि स्प्रूस यांच्या फांदीचा कोन वेगळा, ओकचं पान कुठे दाट होतं आणि कुठे विरळ, वाळकं लाकूड आणि ओलं लाकूड उजेडात कसं निराळं दिसतं, हे त्याने आधी जाणून घेतलं आहे आणि मग ठरवून मांडलं आहे. झाडाचं नाव विचारायचं, त्याची जमीन विचारायची, त्याचं वय विचारायचं, मग कुंचला उचलायचा. माणसाच्या बाबतीत याला आपण आस्था म्हणतो. झाडाच्या बाबतीत तिलाच कोरडेपणा का म्हणावं? लेवितानच्या चित्रात आपलं मन निसर्गात उमटतं. शिश्किनच्या चित्रात निसर्गाला आपल्या मनाची गरज नसते. तो आपल्याशिवाय पुरा असतो. दोन्ही अनुभव खरे आहेत. एकाच्या मापाने दुसरा मोजू नये, एवढंच या पुस्तकाचं म्हणणं आहे.

या चुकीच्या मापाखेरीज पाहणाऱ्याला दुसरा धोका असतो तो आयुष्याच्या कहाणीचा. शिश्किनच्या वाट्याला आलेलं दुःख थोडं नव्हतं. 1868 साली त्याने येवगेनिया वासिल्येवाशी लग्न केलं. तिचा भाऊ फ्योदोर वासिल्येव हा शिश्किनच्या हाताखाली वाढलेला विलक्षण गुणी चित्रकार. 1872 मध्ये वडील गेले, 1873 मध्ये फ्योदोर क्षयाने याल्टाला गेला, वय अवघं तेवीस. 1874 मध्ये येवगेनियाही गेली. मुलगेही लहानपणीच दगावले. शिश्किन काही काळ दारूत बुडाला. पुढे त्याने चित्रकार ओल्गा लागोदा हिच्याशी लग्न केलं, तर 1881 साली, मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, तीही गेली. या काळाच्या मधोमध 1878 चं 'राय' हे चित्र येतं: पिकलेल्या सोनेरी धान्याचं अफाट शेत, त्यातून आत जाणारी गाडीवाट, जमिनीलगत उडणाऱ्या पाकोळ्या आणि पहारेकऱ्यांसारखे उभे पाईन. त्यातला एक वठलेला आहे. अनेकांनी त्या वठलेल्या झाडावर चित्रकाराचे सगळे मृत्यू टांगले. मोह समजण्यासारखा आहे, पण जपून. शेतातल्या जुन्या झाडांत एखादं वठलेलं असतंच, आणि येलाबुग्याभोवतीच्या शेतांची अभ्यासचित्रं काढणाऱ्या शिश्किनने ते गाळलं असतं तरच नवल. दुःख असलंच तर ते त्या एका झाडात नाही. ते असूनही शेत इतकं भरघोस रंगवता आलं, यात आहे.

चौथ्या भागात त्याच्या एचिंगची ओळख आहे. आपल्याकडे तिच्यावर फार कमी लिहिलं गेलंय, म्हणून इथे दोन शब्द. तांब्याच्या पत्र्यावर लाखेसारखा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र ओरखडायचं, पत्रा आम्लात ठेवायचा. उघड्या रेषा आम्ल खातं, त्यात शाई भरून छाप घ्यायचा. शिश्किन हे काम स्वतः करी, आम्ल किती वेळ ठेवायचं यावर प्रयोग करी. 1894 साली त्याच्या साठ एचिंगचा संग्रह निघाला. तैलचित्र एका घरात जातं, छाप अनेक घरांत. फिरत्या प्रदर्शनांमागचाच विचार इथे कागदावर आला. रंग काढून घेतल्यावरही त्याची झाडं उभी राहतात का, हे तपासायचं असेल तर हे छाप पाहावेत.

आता 'रशियन' या शब्दाविषयी. त्या साम्राज्यात अनेक भाषा आणि अनेक लोक होते, आणि ज्यांना आपण सरसकट रशियन चित्रकार म्हणतो त्यांची मुळं दूरदूरची आहेत. लेवितान आजच्या लिथुआनियातल्या ज्यू घरात जन्मला. ज्यू म्हणून त्याला मॉस्कोबाहेर काढण्यातही आलं. चांदण्याचा जादूगार अर्खिप कुइंजी मारियुपोलचा, ग्रीक वंशाचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2023 साली त्याची नोंद युक्रेनी अशी बदलली. (याच कुइंजीचा विद्यार्थी निकोलाय रोरिख पुढे कुलू खोऱ्यातल्या नग्गरला येऊन राहिला आणि 1947 साली तिथेच वारला.) शिश्किनचं 'ओकची राई' कीव्हच्या संग्रहालयात आहे. पुढे सोव्हिएत काळात त्याची चित्रं शाळा, दवाखाने, हॉटेलं यांच्या भिंतींवर इतकी लागली की पाईनचं जंगल म्हणजेच मातृभूमी, असं समीकरण झालं. चित्रकाराने झाड काढलं, राष्ट्राने त्याचा झेंडा केला. आपण झेंडा बाजूला ठेवून झाडाकडे पाहू शकतो, ही दूरच्या वाचकाला मिळालेली सवलत आहे.

दोन व्यवहाराच्या सूचना. रशियन नावं मी उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत. इंग्रजी पुस्तकांतून ओळखीची झालेली रूपं थोडी निराळी दिसतील. तारखांबाबत, तेव्हा रशियात जुनी कालगणना चाले आणि ती एकोणिसाव्या शतकात आपल्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे होती. शिश्किनचा मृत्यू कुठे 8 मार्च 1898, तर कुठे 20 मार्च 1898 असा दिसेल; दिवस एकच आहे.

त्या दिवशी तो पीटर्सबर्गच्या आपल्या खोलीत नव्या चित्राच्या आखणीला बसला होता. नाव ठरलं होतं, 'जंगलाचं राज्य'. काम करता करताच तो कोसळला. त्या वेळी जवळ होता त्याचा विद्यार्थी ग्रिगोरी गुर्किन, सैबेरियाच्या दक्षिणेकडच्या अल्ताय पर्वतांतून आलेला. तो पुढे आपल्या डोंगरांकडे परतला आणि अल्ताय लोकांचा पहिला मोठा चित्रकार झाला. गुरूने त्याला पाईन दिले नाहीत, पाहण्याची रीत दिली; गुर्किनने तिने स्वतःची शिखरं पाहिली.

तेव्हा या क्षेत्रात पाऊल टाकताना मोठ्या, गाजलेल्या चित्रांपासून सुरुवात करू नये, असं माझं सांगणं आहे. 1880 च्या दशकात शिश्किनने पीटर्सबर्गजवळच्या पार्गोलोव्हो इथे एक लहानसं अभ्यासचित्र केलं. कुंपणाच्या कडेला माजलेलं तण, बाकी काही नाही. तिथल्या माळ्यांना हे तण नकोसं. शिश्किनने चित्राला नाव दिलं ते त्या तणाचंच: 'स्नीत-गवत'. नुसतं गवत म्हणून भागलं असतं, पण त्याने भागवलं नाही. पहिलं प्रकरण त्या कुंपणापासून सुरू होतं. अस्वलांपर्यंत आपण यथावकाश पोहोचूच.